मिस्त्रींना विचारा: आर्मेचर खरंच गेलंय का?

प्रश्न: आमच्याकडे तेरा मिलिमीटर चकची (बिट धरणाऱ्या जबड्याची) जुनी इम्पॅक्ट ड्रिल मशीन आहे. पावसाळाभर माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती. आता पडद्याच्या रॉडसाठी काढली, तर मधेच बंद पडते आणि मागून चापट मारली की पुन्हा चालते. फटींतून ठिणग्याही दिसतात. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, ‘आर्मेचर गेलं, नवीन घ्या.’ टाकून द्यायची का?
– एक वाचक, परळ

उत्तर: ताई, चापटीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आर्मेचर म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग. तो जळाला तर सहसा चापटीला दाद देत नाही. चापटीने मशीन चालते याचा अर्थ कुठेतरी जोड सुटतोय: वायरीत, ट्रिगरमध्ये (बोटाने दाबायच्या स्विचमध्ये) किंवा कार्बनजवळ. न उघडता आर्मेचरवर बोट ठेवणाऱ्याकडे मी तरी मशीन सोडणार नाही.

सुरुवात वायरपासून करा. मुठीत शिरते तिथे ती वाकून वाकून आतून तुटते, वरचं रबर मात्र शाबूत असतं. बिट काढा, मशीन चालू करा आणि मुठीपासून वीतभर लांब वायर धरून हलवा. आवाज तुटक झाला तर दोष तिथेच. (वायरीला चीर दिसत असेल तर हा प्रयोग करू नका.) मग सॉकेटमधून पिन काढून मूठ उघडा, तुटका तुकडा कापून टाका, वायर आतल्या पट्टीखाली घट्ट आवळून पुन्हा जोडा. नुसता टेप गुंडाळून भागत नाही. वायरीत दोनच तारा दिसल्या तर घाबरू नका. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती डबल इन्सुलेशनची, तिला अर्थिंगची तार नसतेच.

वायर ठीक असेल तर माझा संशय कार्बनवर. कार्बनचे ब्रश म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेल्या दोन काळ्या कांड्या. फिरणाऱ्या कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकून त्या आर्मेचरला करंट पोचवतात आणि टेकून टेकूनच झिजतात. पण तुमचे झिजलेच असतील असं नाही. भिंतीची भुकटी आणि कार्बनची काजळी खोबणीत साठलेली असते, त्यात आपल्या मुंबईची चार महिन्यांची ओल. तिचा लगदा होतो आणि कांडी खोबणीतच अडकून बसते. स्प्रिंग ढकलते, कांडी हलत नाही, चापट बसली की सुटते. पिशवी बंद असल्याने आतला दमट वारा बाहेर पडलाच नाही.

पिन काढलेलीच ठेवा. काही मशीनला बाजूंनी दोन टोप्या असतात, त्या फिरवल्या की ब्रश बाहेर. टोप्या नसतील तर अर्धं कव्हर उघडावं लागतं. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर स्प्रिंग कुठली कुठे बसते याचं कोडं होतं. कांडी पाच-सहा मिलिमीटरच उरली असेल, कड तुटली असेल किंवा स्प्रिंग गंजली असेल तर जोडी बदला, एकटी नको. जुनी कांडी खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा, मापावरून मिळते. कांडी धड असेल तर खोबण कोरड्या कुंचल्याने साफ करा आणि ती काढली त्याच दिशेने परत बसवा, कारण तिचं टोक कॉम्युटेटरच्या गोलाईवर घासून बसलेलं असतं.

हात घातलाच आहे तर कॉम्युटेटरही बघा. तांब्याच्या पट्ट्या तपकिरी असल्या तर हरकत नाही. काळ्या पडल्या असतील तर झिरो नंबरच्या काचपेपरने हलकेच पुसा, एमरी पेपर नको. पट्ट्यांमधल्या फटी दात कोरायच्या काडीने साफ करा. मी बघितलंय, लोक पट्ट्या चकचकीत करतात आणि फटीतली काजळी तशीच ठेवतात. दोष तीच करते, कारण तिच्यातून करंट एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारतो.

नवे कार्बन घातल्यावर पाचेक मिनिटं बिटशिवाय चालवा. ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतील, त्या कमी होत जातात. मात्र कॉम्युटेटरभोवती नारिंगी ठिणग्यांचं कडं फिरायला लागलं आणि जळक्या वार्निशचा वास सुटला, तर आर्मेचरच. मग जुन्या मशीनवर पैसे घालू नका.

कार्बन आणि वायर दोन्ही धड निघाली तर उरला ट्रिगर. तो खोलत बसू नका, तसाच नवा मिळतो.

आणि रॉड कुठे लावताय? खिडकीवर बहुधा आरसीसीचा लिंटेल, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची आडवी पट्टी असते. इम्पॅक्ट मशीनवर अंगाचा भार टाकून रेटलंत तर मोटर तापते, भोक मात्र पडत नाही. तिथे भाड्याने रोटरी हॅमर आणा.

प्रश्न: चकमध्ये बिट फिरतच राहतं. चक बदलायचा तर निघत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: चावी चकच्या तिन्ही भोकांत घालून आवळा, एकाच भोकात नाही. तरी बिट फिरलं तर जबडे झिजले. बदलताना जबडे पूर्ण उघडून आत बघा. उलटी फिरणाऱ्या (रिव्हर्सच्या) मशीनला चकच्या तळाशी एक स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तो निघाल्याशिवाय चक हलणार नाही.