वेल्समधल्या जुन्या इस्टेटींवरचे दगडी तबेले मुद्दाम बघण्यासारखे असतात का, की मुख्य घर पाहून परतावं?

मुद्दाम बघा. माझं तर म्हणणं, वेळ कमी असेल तर झुंबरं आणि तैलचित्रं भरभर उरका आणि मागच्या आवारात रमा. चार घरं पाहिली की दिवाणखाने डोक्यात एकमेकांत मिसळतात; मागच्या आवारांचं तसं होत नाही.

एकच जागा निवडायची तर पश्चिम वेल्समध्ये आबेरायरॉनजवळचं लानेरखायरॉन. १७९० च्या दशकात जॉन नॅशनं त्याचा आराखडा केला. पुढे राजासाठी बकिंगहॅम पॅलेस वाढवला तो हाच नॅश. १७८३ मध्ये लंडनला त्याचं दिवाळं निघालं आणि तो वेल्सला आला, म्हणून या आडबाजूच्या जमीनदाराला असा माणूस मिळाला. घर आटोपशीर आहे, पण मागे चौकाभोवती दूधदुभत्याची खोली, धुणंघर, बिअर बनवायची खोली, मांस खारवायची खोली आणि त्यापलीकडे शेतीचं आवार. मीठ-मसाले सोडले तर बाहेरून फारसं काही आणावं लागत नसणार. १९८९ मध्ये शेवटच्या मालकानं मृत्युपत्रानं हे सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिलं.

तबेल्यात शिरलात की आधी फरशीकडे बघा. गोट्यांची किंवा विटांची फरशी एका बाजूला उतरती असते, मूत पन्हळीतून वाहून जावं म्हणून. वर गवताचा माळा. तिथून चारा थेट खालच्या गव्हाणीत ढकलायचा. खोगीर-लगामाच्या खोलीत शेगडी असते. ती माणसांच्या उबेसाठी नव्हे, वेल्सच्या पावसात कातड्याला बुरशी लागू नये म्हणून (मोतद्दार पोरं तिथंच घुटमळत असणार, हे वेगळं). धान्याचं कोठार वरच्या मजल्यावर, ओल आणि उंदरांपासून लांब, खाली गाड्या. आणि एक वळसा मारून इमारतीची मागची बाजूही बघा. पाहुण्यांच्या नजरेला पडणारी भिंत घडीव दगडाची आणि पाठ मात्र ओबडधोबड, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. मालकाचा पैसा कुठे संपला ते कळतं.

उत्तरेला बँगोरजवळ पेन्रिन कॅसल आहे. नाव किल्ल्याचं, पण हे एकोणिसाव्या शतकातलं घर, थॉमस हॉपरनं नॉर्मन किल्ल्याच्या थाटात उभं केलेलं. त्यामागचा पैसा जमैकातल्या गुलामांच्या श्रमांवर चाललेल्या उसाच्या मळ्यांचा आणि बेथेस्डाच्या पाटीच्या दगडाच्या खाणीचा. तिथल्या तबेल्यांत आता घोड्यांच्या जागी खाणींवरची वाफेची इंजिनं उभी आहेत.  बेथेस्डाच्या खाणीत १९०० ते १९०३ असा तीन वर्षं संप चालला होता, तो वाचून गेलात तर तबेल्यातली ती इंजिनं नुसती शोभेची वाटणार नाहीत.

रेक्सहॅमजवळचं एर्दिग दगडी नाही, लाल विटांचं आहे. तरी सोडू नका. सुतारशाळा, लोहारशाळा, ओंडके चिरायचा करवतखड्डा असं सगळं तिथं टिकलंय. नोकरांची चित्रं काढवून घेऊन त्यांवर कविता लिहिणारं हे घराणं. १९७३ मध्ये वास्तू ट्रस्टकडे आली तेव्हा खालच्या कोळसाखाणीमुळे घर खचत होतं. डागडुजीनंतर लोकांना आत घेतलं तेही याच कामाच्या आवारांतून.

काही ठिकाणी एखादा माळा बंद दिसेल. ट्रस्टच्या माणसांवर चिडू नका, बहुधा वर वटवाघळं असतात आणि कायद्यानं त्यांना हलवता येत नाही. त्यातली एक छोटी जात नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली आहे, आणि तिला राहायला घोड्यांचेच माळे आवडतात! बाकी बऱ्याच पागांचं आता चहाचं दुकान झालंय. तिथं बसलात तर गव्हाणीजवळच्या भिंतीत दावणीच्या लोखंडी कड्या शोधा. त्या सहसा कुणी काढत नाही.