‘भिऊ नको’ कुणाला म्हणतात?

“मॅडम, रोज वचन वाचते, प्रार्थना करते, तरी जिवाला शांती नाही. मन्हा विश्वास कमी शे का?”

नवापूर, साक्रीकडून येणाऱ्या ख्रिस्ती बायाबापड्यांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलाय, की समोरच्याने पर्समधून बायबल काढलं की मी मनात म्हणते, आला. (वचनाच्या जागी पारायण ठेवा, हाच प्रश्न इतर घरांतूनही येतो.) म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ताई अंगणवाडीत. धाकटा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पोरगा पिशवी घेऊन पलीकडच्या टोकाला चालत गेला आणि तिथूनच यांचं काळीज धडधडायला लागलं. रात्री अडीचला जाग. त्याने फोन उचलला नाही की डोळ्यांपुढे अपघातच.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक वही दाखवली. फिलिप्पैकरांस पत्र, 4:6, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’, रोज वीस वेळा. पान उलटून पाठीमागून बोट फिरवलं, तर पेन दाबून लिहिलेली अक्षरं बोटाला लागत होती. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात, तसं.

“हे लिहिल्यावर बरं वाटतं?”

“नाही. विसावी ओळ झाली की वाटतं, एवढं लिहूनही भीती जात नाही, म्हणजे देवही नाराज असेल.”

खरी गाठ इथे होती. मुलाची काळजी एक, आणि काळजी वाटते म्हणून स्वतःला मारलेले फटके वेगळेच. माझ्या अनुभवात माणूस पहिल्यापेक्षा दुसऱ्याने जास्त खचतो. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीत शिकलेली. ‘मला काळजी वाटताच कामा नये’ या हट्टावर बोट ठेवणं हे माझं काम. पण त्यासाठी ताईंच्या हातातलं बायबल बाजूला ठेवायला सांगणं मला कधीच पटलं नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरी इतक्या वर्षांत त्यातली बरीच पानं ओळखीची झाली आहेत.

विचारलं, “अंगणवाडीत पोर दचकून रडायला लागलं तर काय म्हणता?”

“जवळ घेते. म्हणते, भिऊ नको, मी आहे ना.”

“रागावून?”

“छे! भ्यालेल्या लेकराला कुणी रागावतं का?”

एवढं बोलून त्या थांबल्या. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. वही मिटली, परत उघडली. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे हे मला रागावून लिहिलेलं नाही.”

मी काही बोलले नाही. तिथे बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं, हे मला उशिरा का होईना कळलंय.

घरी जाताना काम दिलं: बायबलमध्ये कोण कोण घाबरलं, ते शोधून आणा. पुढच्या खेपेला त्या मलाच शिकवायला बसल्या. 1 राजे, अध्याय 19. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही; निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. आणि ‘चिंता करू नका’ लिहिणारा प्रेषित पौल? ते पत्र त्याने कैदेतून लिहिलं. तोच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, फटके आणि तीनदा फुटलेलं तारू सांगून झाल्यावर म्हणतो, रोज मला सगळ्या मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) चिंता असते. एका पाळकांनी नंतर मला सांगितलं, मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच धातूचा शब्द आहे. मला फार आनंद झाला.

तुमचंही असंच होत असेल तर वचन पाठ जरूर करा, पण भीती दाबायला वापरू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची 150 स्तोत्रं आहेत, त्यात गाऱ्हाणी भरपूर. तेराव्यात ‘किती वेळ?’ हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. तेव्हा प्रार्थनेत तक्रार केली तर चालते. घरातल्या एकाला तरी सांगा. ताईंच्या नवऱ्याला तीन महिने पत्ताच नव्हता! आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटेना, तर डॉक्टर गाठा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

ताई परवा आल्या होत्या. पोरगा अजूनही फोन उचलत नाही म्हणे, आणि जाग अजूनही येते, पण रोज नाही. “मग काय करता?”

“आधी उठून अर्धी भाकर खाते. मग देवाशी भांडते.”