पोस्ट बेसिकसाठी नोकरी सोडण्याआधी

प्रश्न: माझं वय 26. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय. मिरजेत 60 खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं चार महिने स्टाफ नर्स आहे, त्याआधी दीड वर्ष एका लहान प्रसूतिगृहात होते. पगार 19,000. आता नोकरी सोडून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतरची डिग्री करायचीय. फी आणि हॉस्टेल मिळून अडीच लाख लागतील. 1 लाख 10 हजारांची एफडी मोडेन, बाकीचं शैक्षणिक कर्ज काढेन. मेट्रन (आमच्या मुख्य परिचारिका) म्हणतात, डिग्रीनंतर इथेच आलीस तर तीनेक हजार जास्त मिळतील. पण माझा डोळा सरकारी नोकरीवर आहे आणि तिथे डिग्री लागतेच ना?

उत्तर: नाही, लागत नाही. तुमचा सगळा बेत या एका समजुतीवर उभा आहे, म्हणून आधी तेच सांगतो. एम्स या केंद्र सरकारच्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिला जीएनएमवाल्यांनाही बसता येतं. अट एकच: जीएनएमनंतर किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचा अनुभव. डिग्रीवाल्यांना ती अनुभवाची अट नाही, एवढाच फरक. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदालाही जीएनएम चालतं. म्हणजे अडीच लाख देऊन जो दरवाजा उघडायला निघालात, तो इथली दोन वर्षं भरली तेव्हा, चार महिन्यांपूर्वीच उघडलाय.

आता पैशाचं बघू. अडीच लाख हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग तुम्ही धरलेलाच नाही: दोन वर्षांचा बुडणारा पगार, 4 लाख 56 हजार. दोन्ही मिळून 7 लाख 6 हजार. डिग्रीनंतर याच हॉस्पिटलमध्ये परतलात आणि महिना 3,000 जास्त मिळाले, तर वर्षाला 36,000. एवढी रक्कम भरून निघायला साडेएकोणीस वर्षांपेक्षा जास्त लागतील, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. शिकत असताना हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत असतं.

मिरजेत दवाखाने भरपूर आहेत, म्हणून नर्सला काम मिळतं. पण आसपासच्या कॉलेजांतून दरवर्षी नव्या मुलीही बाहेर पडतात, त्यामुळे खासगीत पगार हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारस केली होती की 50 ते 100 खाटांच्या खासगी हॉस्पिटलांनी नर्सला सरकारी पगारापेक्षा फार तर 25 टक्के कमी द्यावं. राज्यात अधिपरिचारिकेचं नुसतं मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. तुमचे 19,000 त्याशेजारी ठेवले की मला राग येतो. रात्रपाळ्या करून, अख्खा वॉर्ड सांभाळून हातात एवढंच पडावं, हे बरोबर नाही. पण ही दरी डिग्रीने भरत नाही, सरकारी पद मिळाल्याने भरते. नॉरसेटमधून लागलात तर मूळ वेतन 44,900, भत्ते वेगळे.

वयाचाही विचार करा. नॉरसेटला खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा 30 आहे (ओबीसींना तीन, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत). पोस्ट बेसिक करून बाहेर पडाल तेव्हा 29 च्या घरात असाल, हातात मोजक्याच संधी. तुमची खरी पुंजी वय आहे, ती कॉलेजात खर्च करू नका.

या आठवड्यात एक काम करा. हॉस्पिटलचं शुश्रूषागृह नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्यावर खाटांचा नोंदणीकृत आकडा वाचा. बोलण्यात 60 आणि कागदावर 45 असं मी पाहिलंय, आणि उमेदवाराचा अर्ज तिथेच अडतो. प्रसूतिगृहातलं दीड वर्ष यात धरता येणार नाही, म्हणून इथल्या दोन वर्षं चार महिन्यांचा अनुभवाचा दाखला खाटांच्या संख्येसह मागून घ्या. मेट्रनशी संबंध चांगले आहेत तोवर मागा, राजीनामा दिल्यावर नाही. पीएफ कापला जात असेल तर पासबुकात प्रत्येक महिन्याची नोंद आहे का बघा, नोकरीचा तोही पुरावा असतो. आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडच्या तुमच्या नर्स नोंदणीचं नूतनीकरण थकलेलं नसू दे.

एफडी मोडू नका. परीक्षेआधी दोन-तीन महिने बिनपगारी रजा मिळते का विचारा. नाही मिळाली तर तेवढ्या काळासाठी नोकरी सोडायलाही मी हो म्हणेन. दोन महिन्यांचे 38,000 एफडीतून गेले तरी 72,000 उरतात. नॉरसेटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे नाईट करून पेंगत अभ्यास पुरणार नाही. एक मात्र मनाशी आधी ठरवा: एम्सची नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. घर सोडायचं नसेल, तर राज्याच्या जाहिरातींवर जास्त जोर द्या.

शिकवायची ओढ असेल, नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डिग्रीशिवाय चालत नाही. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

आणि प्रमाणपत्रावरचा आकडा 50 च्या खाली निघाला तर मला लगेच कळवा. तेव्हाही माझा पहिला सल्ला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी धरण्याचा असेल, पगार हजारभर कमी असला तरी. तिथे दोन वर्षं जातील खरी, पण त्या दोन वर्षांत पगार चालू राहील आणि डोक्यावर कर्ज नसेल.