गुऱ्हाळ चालू असताना बिघाड झाला तर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मार्गशीर्ष लागला की मराठवाड्यात घरची गुऱ्हाळं सुरू होतात. कुणाला आडतीवर ढेपा न्यायच्या असतात, कुणाला वर्षभराचा गूळ घरीच करायचा असतो, कुणाला पाहुण्यांना शेतावर ताजा रस पाजायचा असतो. या दिवसांत येणारे बहुतेक प्रश्न बिघाडाचे असतात, म्हणून या वेळी तेवढेच घेतले आहेत. काही बंद पडलं की सगळी माणसं यंत्राभोवती गोळा होतात आणि रसाकडे कुणाचं लक्ष राहत नाही. यंत्र उद्या दुरुस्त होतं, रस उद्यापर्यंत थांबत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

येळवशीला (वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला) पाहुणे आले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ लावलं. दुपारी चरकाची (ऊस पिळायच्या यंत्राची) मोटार घुंऽऽ करत थांबली. टाकीत रस होता, अर्धा ऊस तसाच पडला होता. मेकॅनिक संध्याकाळी आला. रात्री रस उकळला, तर गूळ काळपट आणि चिकट झाला, ढेप बसलीच नाही. शेजारी म्हणतात, हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारी पावडर) टाकला असता तर वाचला असता. खरं का? (औसा)

गूळ मोटारीमुळे बिघडला नाही, रस टाकीत थांबल्यामुळे बिघडला. चरकातून रस बाहेर पडला की उसाच्या सालीवरचे आणि मातीतले जिवाणू त्यात उतरतात. त्यातला ल्युकोनोस्टॉक हा मोठा उपद्रवी. तो रसातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ मागे ठेवतो. त्यातच रस आंबट होत जातो, तशी खडे धरणारी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. या दोन्हींचा दाणा सहज धरत नाही आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं. म्हणून तुमची ढेप बसली नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे थंडी वाजत असली तरी दुपारचं ऊन चांगलं तापतं, आणि पत्र्याच्या टाकीतल्या रसाला तेवढी ऊब पुरते.

रस निघाल्यापासून दोन तासांच्या आत तो काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) तापायला लागलाच पाहिजे, असं धरून चाला. मोटार थांबली त्याच क्षणी एका माणसाने चरक सोडून टाकीकडे जायला हवं होतं. असेल तेवढा रस गाळून काहिलीत घ्यायचा आणि जोरात जाळ लावायचा. ८५ अंशांच्या आसपास मळी वर येते, ती काढायची. तिथवर बहुतेक जिवाणूंचा निकाल लागतो आणि घाई संपते. मात्र रस काहिलीत वीतभर तरी खोल हवा. त्याहून कमी असेल तर कडेचा रस करपतो आणि सगळ्या आधणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळणाऱ्या रसाला, जळका वास येतो. अशा वेळी घरातलं मोठं स्टीलचं पातेलं आणि गॅसची भट्टी जास्त कामाची.

आणि अशा रसाचा गूळ करायच्या मागे लागू नका, काकवी (गुळाआधीचा पातळ पाक) करा. काकवीला दाणा धरायची गरजच नसते, त्यामुळे थोडी साखर फुटली असली तरी बिघडत नाही. गरम असतानाच कोरड्या, उकळून घेतलेल्या काचेच्या बरण्यांत भरली आणि उतरवताना थोडा लिंबाचा रस घातला, तर खडेही धरत नाहीत. ज्वारीच्या भाकरीबरोबर पाहुण्यांनी ती आवडीने खाल्ली असती.

उरलेल्या उसाचं म्हणाल तर तोडलेला ऊस सावलीत रचा, वरून पाचट घाला, पाणी शिंपडा आणि २४ तासांत गाळा. उभा ऊस उभाच राहू द्या. गुऱ्हाळ लावताना एकदम सगळा फड तोडू नका, चरक पुढच्या तीन-चार तासांत खाईल तेवढाच तोडा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात ऊस वाढवायला काय लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तो उन्हात वाळत पडलेला पाहवत नाही.

आता मोटार. घुंऽऽ आवाज येतो आणि मोटार फिरत नाही, तेव्हा बहुधा तीनपैकी एक फेज गेलेली असते. नुसती ‘बघू फिरते का’ म्हणून चालू ठेवली तर काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. स्टार्टर लगेच बंद करा, डीपीवरचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला) फ्यूज बघायला वायरमनला बोलवा, आणि स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार आपोआप बंद करणारं उपकरण) बसवलेला नसेल तर पुढच्या गुऱ्हाळाआधी बसवून घ्या. चरकात ऊस असताना मोटार सुरू करू नका. आधी मोकळा फिरू द्या, मग ऊस घाला. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) किंवा डिझेल इंजिनवर चरक चालवायची सोय होते का, हे ऊस तोडायच्या आधी ठरवा. लाईन गेल्यावर शोधायला निघालात तर वेळ गेलेली असते.

हायड्रॉसबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. तो रंग उडवतो, पण फुटलेली साखर जोडत नाही. तुमची ढेप त्यानेही बसली नसती, फक्त चिकट गूळ पिवळा दिसला असता, आणि काही आठवड्यांत पुन्हा काळवंडला असता. वर गंधकाचा अंश गुळात राहतो, तो वेगळाच. अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याला मर्यादा आहे, आणि मुठीने टाकणाऱ्याला ती मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही. तुमच्या घरची लेकरं हा गूळ खाणार आहेत.

थर्मामीटर उकळत्या काहिलीत फुटला. गूळ दिसायला चांगला झाला आहे. गाळून घेतला तर चालेल का? (वसमत)

चालणार नाही, आणि यात मधला मार्ग नाही. नळीतला द्रव लाल किंवा निळा असेल तर विषाची भीती कमी, पण काचेचे केसासारखे तुकडे दाट पाकातून कापडाने गाळले जात नाहीत. ते आधण टाका. जनावरांनाही घालू नका.

द्रव चांदीसारखा असेल तर तो पारा. तापल्यावर त्याची वाफ होते, आणि ती वाफ श्वासातून अंगात जाते. जाळ ओढून बाहेर काढा, माणसांना वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या, लेकरं आणि गरोदर बायका जवळ नकोत. निवल्यावर सगळं झाकणाच्या पिंपात भरा, वर ठळक खूण करा आणि ते कुठे द्यायचं हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. ओढ्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नका. ती काहील पुन्हा खाण्याच्या कामाला घेऊ नका. नुकसान मोठं आहे, मला कल्पना आहे. पण पारा शरीरातून सहज निघत नाही.

यापुढे काचेचा थर्मामीटर काहिलीजवळ आणूच नका. लांब स्टीलच्या दांड्याचा डायलचा किंवा डिजिटल मिळतो. तो आणला की आधी उकळत्या पाण्यात धरा. पुस्तकात पाणी १०० अंशांला उकळतं, पण ते समुद्रसपाटीला. लातूर सहाशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी सुमारे ९८ ला उकळतं. नांदेड खाली आहे, तिथे ९९ च्या जवळपास. तुमच्या थर्मामीटरवर जो आकडा येईल तो लिहून ठेवा. त्यात ६ मिळवले की काकवी उतरवायची, १८ मिळवले की ढेपेचा गूळ. असं केलं की गावाची उंची आणि थर्मामीटरची चूक, दोन्ही आपोआप हिशेबात येतात. छापील ११८ वर बसून राहिलात, तर लातूरकडे गूळ दोन अंश जास्त शिजतो आणि करपण्याच्या वाटेला लागतो.

थर्मामीटर नसताना जुने गुळवे करतात तेच करा. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडा. पसरला तर वेळ आहे. मऊ गोळी झाली तरी अजून थांबा. कडक गोळी झाली आणि ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजली की उतरवा. हे बघायला एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला ठेवा, शेवटचे काही अंश फार लवकर चढतात.

काहिलीच्या सांध्यातून रस टपकतोय, चुलवणात (काहिलीखालच्या भट्टीत) चर्रचर्र आवाज येतो. दुकानदार म्हणतो, दोन नळ्यांची लांबी (चिरा बुजवायचा लगदा) मिळते ती आतून लावा. (केज)

ती लांबी नळाच्या पाइपाला ठीक आहे. उकळत्या पाकात नको. एवढ्या उष्णतेला ती टिकत नाही आणि सुटली की गुळात जाते. शिशाचा डागही नको.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चुलवणातलं जळण बाहेर ओढा. त्यावर पाणी मारू नका, तापलेल्या विटा तडकतात आणि वाफेचा लोट तोंडावर येतो. जाळ उतरल्यावरच रस दुसऱ्या भांड्यात काढा. जाळ चालू असताना काहील रिकामी केलीत तर पत्रा वाकडा होतो आणि मग ती कायमची गेली. दुरुस्ती स्टीलची असेल तर आर्गॉन वेल्डिंगने करून घ्या. दर हंगामाआधी काहील विटांवर ठेवून रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर चीर कुठे आहे ते आपोआप कळतं.

अवकाळीने चिपाडं (रस काढल्यावर उरलेला, जाळायचा ऊस) भिजली. जाळ धरत नाही, नुसता धूर होतो. टायरचे तुकडे टाकू का? (घनसावंगी)

टाकू नका. टायरच्या धुरातली काजळी आणि विषारी वायू उघड्या काहिलीवरच बसतात, शिवाय चुलवणात जळण घालणारा जाळ्या तो धूर दिवसभर छातीत घेतो.

१०० किलो रसात साधारण ८० किलो पाणी असतं, आणि जवळजवळ सगळं उडवायचं असतं. चिपाडं ओली असली की जळण आधी स्वतःचं पाणी उडवतं, मग तुमच्या रसाचं. आधण लांबत जातं, आणि जितका वेळ रस मंद तापतो तितकी साखर फुटते. कोरडी तुरीची खोडं, पऱ्हाट्या, बाभळीचा फाटा मागवता येत असेल तर सुरुवातीचा जाळ त्यावर करा आणि ओली चिपाडं चुलवणाच्या कडेने शेकायला ठेवा. धुराड्यात काजळी साठली असेल तर तीही ओढ कमी करते, ती आधी काढा. एवढं करूनही रस खळखळून उकळत नसेल, तर पुन्हा तेच सांगतो: काकवीवर थांबा.

फेस काहिलीबाहेर येतो, रस वाया जातो. (अर्धापूर)

थोडं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल वरून शिंपडा, फेस बसतो. बसला नाही तर काहील जास्त भरलेली आहे.

ऊस रोलरमध्ये अडकला की आमचा गडी चालू चरकातच हाताने ओढतो. त्याला सवय आहे, पण मला भीती वाटते. (परळी)

तुमची भीती बरोबर आहे. रोलर माणसाच्या हातापेक्षा कितीतरी जोरात ओढतो, आणि बोट सापडलं की मनगटापर्यंत यायला क्षण लागतो. सवयीने यात काही फरक पडत नाही. त्याला आजच सांगा, आणि मालक म्हणून सांगा.

ऊस अडकला की मोटार बंद, मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात. मग बेल्ट उतरवायचा आणि पुली हाताने उलटी फिरवून ऊस मागे घ्यायचा. रोलरमध्ये दगड आला आहे का ते बघा, आणि एका वेळी किती ऊस घालताय तेही बघा. सारखाच अडकत असेल तर फट बिघडलेली आहे, ती मिस्त्रीकडून जुळवून घ्या. बेल्टवर आणि गिअरवर जाळीचं झाकण हवंच. पदर, ओढणी, गळ्यातलं उपरणं, सैल बाह्या यांपैकी काहीही घेऊन चरकाजवळ उभं राहायचं नाही, लेकरांना तर तिकडे फिरकूच देऊ नका.

गरम पाक अंगावर उडाला तर तो चिकटून राहतो आणि भाजत राहतो. २० मिनिटं वाहतं साधं पाणी, भाजल्या जागेची अंगठी-बांगडी लगेच काढणं, वर स्वच्छ ओलं फडकं, आणि दवाखाना. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. चुलवणाजवळ भरलेला पाण्याचा ड्रम आणि पाणी घ्यायला मग गुऱ्हाळाच्या दिवशी सकाळपासून ठेवा, आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कामाला वापरू देऊ नका.