खानदेशातल्या कॉलेजात राहून इलेक्ट्रिक रेस कार बनवणं शक्य आहे का? सुरुवात कुठून करावी?

शक्य आहे. "पुण्या-मुंबईसारखं वर्कशॉप नाही, माहितगार माणसं नाहीत, टेस्टिंगला ट्रॅक नाही" असं तुम्ही लिहिलंय, त्यातलं फक्त ट्रॅकचं खरं आहे, आणि त्यालाही तोड आहे. मी इकडच्याच एका कॉलेजच्या टीममध्ये इलेक्ट्रिकल बघायचो. सध्या जळगावच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो.

तुम्ही फॉर्म्युला भारत म्हणताय असं धरतो, म्हणजे जानेवारीत कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते ती, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेस कारची स्पर्धा. आधी वेगाचं वेड बाजूला ठेवा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2023 मध्ये ताशी 0 ते 100 किलोमीटरचा वेग 0.956 सेकंदात गाठला. गाडी साधारण 140 किलोची, चारही चाकांना स्वतंत्र मोटर. व्हिडिओ जरूर बघा, पण पहिल्या वर्षी मागे एक मोटर, साखळी आणि डिफरन्शियल, बस.

स्पर्धेचे एकूण गुण 1000. डिझाइन, खर्च आणि बिझनेस प्लॅन मिळून 325, म्हणजे गाडी जागची न हलता. बाकीचे गुण गाडी पळवून: 75 मीटरची सरळ धाव, आठच्या आकड्यातला स्किडपॅड, ऑटोक्रॉस (वळणांच्या ट्रॅकवर वेळ लावून एक फेरी) आणि 22 किलोमीटरची एन्ड्युरन्स, जिच्यात मध्येच ड्रायव्हर बदलायचा असतो. पण ट्रॅकवर उतरायला आधी तपासणीतून सुटावं लागतं, आणि बहुतेक नव्या इलेक्ट्रिक टीम तिथेच अडकतात. चॅसिस (नळ्यांचा सांगाडा) ठीक, ब्रेक ठीक, गाडी कॉलेजच्या आवारात मस्त पळालेली, आणि कोईमतूरला मात्र पिटमध्ये उभी. घरून फोन येतो, "पळनी का रे गाडी?" काय सांगणार!

म्हणून सुरुवात बॅटरीच्या डब्यापासून आणि नियमांच्या पुस्तकापासून करा, चॅसिसपासून नको. नियमाने कमाल 600 व्होल्ट आणि 80 किलोवॅट चालतात, पण तिथवर जायची गरज नाही. बॅटरीचा एक कप्पा 120 व्होल्ट आणि 6 मेगाज्यूलच्या आत हवा. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टचा, म्हणजे एका कप्प्यात सिरीजमध्ये 28 च्या वर जाता येत नाही. 6 मेगाज्यूल म्हणजे जेमतेम 1.67 युनिट. एन्ड्युरन्सला साधारण पाच-सहा युनिट लागतील असं धरलं, तर चार कप्पे. बघा, डब्याचा आकार इथेच ठरला. तो आकार हातात न घेता चॅसिस वेल्ड केली की पुढे डबा बसवायला नळ्या कापत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट प्री-चार्ज. मोटर कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, सुरुवातीला रिकामे. बॅटरीचा मेन कॉन्टॅक्टर (सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) थेट लावला तर क्षणभर प्रचंड करंट ओढला जातो आणि कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. चिकटले की लाल बटण दाबूनही सप्लाय तुटत नाही, आणि हे वरून दिसतही नाही. म्हणून आधी एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरायचे, कंट्रोलरकडचा व्होल्टेज बॅटरीच्या किमान 95 टक्के झाला की मगच दुसरा कॉन्टॅक्टर लागू द्यायचा. बंद करतानाही हिशेब आहे: पाच सेकंदांत तो 60 व्होल्टच्या खाली आला पाहिजे. प्री-चार्ज टायमरवर करू नका, व्होल्टेज मोजून करा.

तिसरी, इन्सुलेशन. गाडीवर पाण्याचे फवारे मारून रेन टेस्ट घेतात. कुठल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की इन्सुलेशन मॉनिटर सगळं बंद पाडतो. इथे आपला खानदेश पुढे आहे. तालुक्याच्या गावी सबमर्सिबल पंप रिवाइंड करणारा असतोच, आणि त्याच्याकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असतो. तो माणूस आयुष्यभर पाण्यातल्या मोटारीचं इन्सुलेशनच बघत आलाय. चहा पाजा, शिकून घ्या. फक्त मेगर लावण्याआधी बीएमएस (बॅटरीच्या सेलवर नजर ठेवणारं सर्किट) आणि कंट्रोलर काढून ठेवा, नाहीतर ते जळतील.

अर्थिंगही बघाच. हाय व्होल्टेजच्या 100 मिमीच्या आत असलेल्या धातूच्या भागांचा अर्थशी रोध 300 मिलीओहमच्या आत लागतो. पावडर कोटिंग केलेल्या पट्टीवर बोल्ट आवळला की रंगच मध्ये येतो. बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर टाकला की काम होतं.

वेल्डिंगला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे जाऊ नका. तो जाड लोखंडाला सरावलेला, पातळ नळीला भोक पाडेल. दुधाच्या टाक्यांचं काम करणारा आर्गन वेल्डर शोधा.

ट्रॅकसाठी जिनिंगवाल्यांना विचारा. कापसाचा हंगाम सरला की त्यांची सिमेंटची आवारं रिकामी असतात. स्किडपॅडचं आतलं वर्तुळ 15.25 मीटर व्यासाचं, लेन 3 मीटरची, चुन्याने आखता येतं. रस्त्यावर गाडी अजिबात काढू नका. मे महिन्यात टेस्टिंग करणार असाल तर पहाटे करा: सेलची मर्यादा 60 अंशांची, आणि आपल्याकडे दुपारी हवाच 44-45 वर जाते, म्हणजे बॅटरीला तापायला जेमतेम 15 अंश उरतात. एक-दोन वेळा मात्र मुद्दाम दुपारी पळवा. त्या उन्हात टिकलेलं कूलिंग जानेवारीच्या कोईमतूरला त्रास देत नाही.

बॅटरीचं काम एकट्याने नाही, रात्री जागून तर नाहीच. हाय व्होल्टेजचे हातमोजे आणि इन्सुलेटेड पाने हा खर्च टी-शर्टच्या आधी करा. (आपल्याकडे टीमचे टी-शर्ट आधी येतात.)

कंट्रोलर कुठला घेताय, त्यातले कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचे आणि बॅटरी किती व्होल्टची, एवढं कळवा. प्री-चार्जचा रेझिस्टर किती ओहमचा आणि किती वॅटचा लागेल ते काढून देतो.