अनुकंपा म्हणजे नुसती नोकरी नव्हे

सांगलीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: मानसशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय 'तरुण मुलामुलींच्या एम्पथीतील फरक' असा आहे. एम्पथी म्हणजे दुसऱ्याच्या भावनेत शिरणे. मराठीत सहानुभूती लिहू की समानुभूती? शिवाय दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. म्हणजे हा गुण बायकांचाच, असे भाषेनेही धरले आहे का?

आधी एक विनंती. 'सहानभूती' म्हणू नका. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत भाषणाभाषणांत हा उकार गिळलेला ऐकतो आणि कान किटतात. शब्द आहे सह-अनुभूती, बरोबरीने अनुभवणे. पण तो 'दाखवून दाखवून' कीव होऊन बसला. आता निवडणुकीत त्याची लाट येते. म्हणून जीवनकौशल्यांच्या प्रशिक्षणांतून 'समानुभूती' आली. तीही मला पटत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. मग बघणाऱ्याची अनुभूती 'सम' कुठून?

लिंगाचे म्हणाल तर पाणिनीचे सूत्र आहे: 'स्त्रियां क्तिन्', म्हणजे 'क्तिन्' (ति) प्रत्ययाने स्त्रीलिंगी शब्द होतात. भू धातूला हा प्रत्यय लागला की भूती, शक् ला लागला की शक्ती, भी ला लागला की भीती. सगळ्या स्त्रीलिंगी. त्यावरून ताकद फक्त बायकांची म्हणणार का?

खरा शब्द वेगळाच आहे: अनुकंपा. वडील नोकरीत असताना वारले की मुलगा जिल्हा परिषदेत 'अनुकंपावर लागतो', एवढाच तो उरला. पण फोडून बघा. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. समोरचा थरथरला, मागोमाग आपण थरथरलो! थिओडोर लिप्स हा जर्मन पंडित दोरीवरच्या कसरतवाल्याचे उदाहरण द्यायचा: वर तो डगमगतो आणि खाली बघणाऱ्याचे अंग ताठते. या अनुभवाला जर्मनमध्ये 'आइनफ्युलुंग' म्हणत. मानसशास्त्रज्ञ टिचनरने 1909 मध्ये त्यासाठी ग्रीक तुकडे जोडून 'एम्पथी' घडवला. आपल्याकडे शब्द तयार होता. आपण तो आस्थापना शाखेला देऊन टाकला.

आता देशी शब्द. उमाळा, गहिवर, पाझर, कळवळा: उसळून येते ते पुल्लिंगी. तगमग, घालमेल, हुरहुर, कणव: रेंगाळते ते स्त्रीलिंगी. मराठीत लिंगाला तर्कच नसतो, असे व्याकरणवाले म्हणतील. हे वाक्य म्हणजे विचार टाळायची सोय आहे. लिंग माणसाचे नसते, भावनेच्या चालीचे असते, असे माझे मत. 'ऐसी कळवळ्याची जाती' म्हणताना तुकोबा आईबद्दलच बोलताहेत, शब्द मात्र पुल्लिंगी.

प्रकल्पालाही याचा उपयोग आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिसच्या 28 विधानांच्या प्रश्नावलीत एम्पथीचे चार भाग आहेत: गोष्टीतल्या पात्रात शिरणे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, कळवळा आणि स्वतःचीच तगमग. शेवटचे दोन एकत्र करू नका. तगमग झालेला माणूस मदतीला जाण्याऐवजी तोंड फिरवूही शकतो. अशा स्वतः भरायच्या प्रश्नावल्यांत मुली पुढे दिसतात. नेदरलँड्समधल्या मुलांचा 2014 चा अभ्यास म्हणतो की किशोरवयाच्या मधल्या टप्प्यात मुलग्यांचा कळवळा खाली जातो आणि पुढे परत येतो. पण आयझेनबर्ग आणि लेनन या संशोधकांनी 1983 मध्येच दाखवले होते: कागदावर विचारले की फरक मोठा, हृदयाचे ठोके आणि घाम मोजला की तो ठळक राहत नाही. म्हणजे अनुकंपा दोघांना. कबुली तेवढी मुली देतात. 2019 च्या महापुरात म्हाताऱ्यांना पाठुंगळीला मारून बाहेर काढणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना विचारा. 'आतडं तुटलं' असे एकही म्हणणार नाही; 'आसंच गेलो' म्हणतील. त्या उत्तराला प्रश्नावलीत किती गुण?

हां, शीर्षक. 'समानुभूती' लिहा; परीक्षकांना तोच माहीत असतो. 'अनुकंपा' लिहिलेत तर नोकरभरतीचा प्रकल्प समजतील.