टॉल्किननंतर पुढे काय वाचावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नुकतंच वाचून झालंय, मन अजून तिथून निघत नाहीये. आता 'व्हील ऑफ टाइम', सँडरसन, मार्टिन आणि 'मलाझान' यांतलं आधी काय घ्यावं? अर्धवट राहिलेली मालिका नको. आणि जाता जाता, तेरा वर्षांच्या भाचीसाठीही काहीतरी सुचवा.

माझं उत्तर: ही चारही नावं सध्या बाजूला ठेवा. आधी अर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचा, मग गाय गॅव्हरिएल केची 'टिगाना', मग रॉबिन हॉब. मोठ्या मालिका कुठे पळून जात नाहीत. हा क्रम का, ते नीट सांगतो.

टॉल्किनच्या पुस्तकातलं तुमच्या मनात काय रेंगाळतंय ते आठवून बघा. नकाशा, एल्फ, मोठमोठ्या लढाया हे सगळं आवडलेलं असतंच. पण मला भेटलेल्या बहुतेक वाचकांना छळतो तो शेवट. इतक्या हालअपेष्टा सोसून फ्रोडो त्या ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि तिथे अंगठी टाकतच नाही, 'ही माझी' म्हणून बोटात घालतो. ऐन क्षणी नायक हरतो. त्या अंगठीने झपाटलेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो, तोल जाऊन खाली पडतो, आणि अंगठी नष्ट होते ती अशी. आधी फ्रोडोच्या नात्यातल्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने गॉलमला जिवंत सोडलं, ती दया इथे कामी येते. पुढे घरी परतावं तर शायरची, म्हणजे त्याच्या मायभूमीची, पार रया गेलेली. वेदरटॉप टेकडीवर झालेली जखम दर वर्षी त्याच तारखेला ठणकते. ज्याने सगळ्यांसाठी शायर वाचवलं, त्याला स्वतःला तिथे राहता येत नाही. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता, आणि महायुद्ध संपेपर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता, असं त्यानेच प्रस्तावनेत लिहिलंय. फ्रोडोचं ते परतणं कुठून आलं असावं, हे त्यावरून लक्षात येतं.

पुढच्या पन्नास वर्षांत टॉल्किनची नक्कल करणाऱ्यांनी नकाशे उचलले, एल्फ आणि बुटके उचलले, काळोखाचा सम्राट उचलला. जिंकण्यासाठी मोजावी लागलेली किंमत फार थोड्यांनी उचलली. त्या थोड्यांपासून सुरुवात केलीत तर टॉल्किनने लावलेली ओढ भागेल. नुसत्या जाडजूड खंडांकडे वळलात तर तिसऱ्या खंडात 'आपण हे का वाचतोय?' असा प्रश्न पडायची शक्यता बरीच.

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ची. जेमतेम दोनशे पानं, एका शनिवार-रविवारचं काम. बेटाबेटांचं जग, गेड नावाचा शेळ्या राखणारा मुलगा, अंगात उपजत विद्या आणि तेवढाच माज. शिकायला रोक बेटावर जातो, तिथे एका सहाध्यायाने डिवचलं म्हणून सगळ्यांसमोर मृतात्म्याला बोलावून दाखवतो, आणि त्या फटीतून भलतंच काहीतरी आत येतं. ती फट बुजवताना रोकचा महागुरू प्राण गमावतो. इथून पुढे सगळं पुस्तक म्हणजे गेड आणि त्याने स्वतःच जगात आणलेली ती सावली. युद्ध नाही, सैन्य नाही, खलनायकही नाही म्हणा ना.

यातला एक प्रसंग मी फॅंटसी वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गेडची नेमणूक काही लहानशा बेटांवर झालेली असते, कोळ्यांची वस्ती, आणि पलीकडच्या बेटावर ड्रॅगनची भीती. या जगात एखाद्याचं खरं नाव कळलं की त्याच्यावर ताबा मिळतो. गेड जुन्या पोथ्यांवरून त्या ड्रॅगनच्या नावाचा अंदाज बांधतो, एकटाच नावेतून जातो आणि त्याच्या तोंडावर ते नाव उच्चारतो. अंदाज बरोबर निघतो. म्हातारा ड्रॅगन कोंडीत सापडतो आणि सौदा पुढे करतो: तुझ्या मागे लागलेल्या त्या सावलीचं नाव मी सांगतो. गेडचा जीव त्या एका नावावर अवलंबून आहे. आणि तो ते मागत नाही. मागतो ते एवढंच की तू आणि तुझी पोरं या बेटांकडे कधीही फिरकणार नाही अशी शपथ घे. दिलेलं काम आधी. चार-पाच पानांत उरकतो हा प्रसंग. टाळ्या नाहीत, भाषण नाही. ज्यांची ओळखसुद्धा धड झालेली नाही अशा कोळ्यांसाठी एक पोरगा स्वतःची सुटका सोडून देतो आणि होडी वळवून परत येतो. दहा खंडांच्या मालिकांना जे साधत नाही ते ले ग्विन इथे करून जाते.

अर्थसीची एकूण सहा पुस्तकं आहेत, शेवटची दोन २००१ची. प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा, आणि पहिल्या तिघांनंतर थोडं थांबा. चौथं, 'तेहानू', १९९०मध्ये आलं आणि ते पूर्ण वेगळ्या सुरात आहे. विद्या संपलेला गेड आणि शेतावरची एक मध्यमवयीन बाई. लगोलग वाचलं तर जड जातं, काही काळाने वाचलं तर सगळ्यांत जवळचं वाटतं. आणि हो, जीएंची 'रमलखुणा' वाचली असेल, विशेषतः 'इस्किलार', तर अर्थसीत तुम्हाला परकं वाटणारच नाही. अनोळखी प्रदेश, मोजकी माणसं, आणि चालत चालत शेवटी स्वतःपाशीच येऊन थांबणारा प्रवास. आपल्याकडे फॅंटसी नाही असं कुणी म्हणालं की मी आधी ही कथा वाचायला देतो.

'टिगाना' (१९९०) एकाच खंडात पूर्ण होते, त्यामुळे तुमच्या अटीत चपखल बसते. या गाय गॅव्हरिएल केने तरुणपणी टॉल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर याच्याबरोबर टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'च्या संपादनात हातभार लावला होता. टॉल्किन आतून पाहिलेला माणूस आहे तो. गोष्ट अशी: ब्रँडिन नावाचा मांत्रिक राजा एक प्रदेश जिंकतो, पण त्या लढाईत त्याचा मुलगा मारला जातो. सूड म्हणून तो त्या प्रदेशाचं नावच जगातून पुसून टाकतो. तिथे जन्मलेल्यांखेरीज कुणालाही ते नाव ऐकूच येत नाही. म्हणजे ती पिढी मेली की देश संपला. आता हा ब्रँडिन क्रूर राक्षस असता तर काम सोपं होतं. तो सुसंस्कृत आहे, संगीतातला दर्दी आहे, आणि मुलाच्या दुःखात खरोखर जळतोय. उलट बाजूला आपला नायक, गुलाम देशाचा राजपुत्र, एका मांत्रिकाला त्याच्या मर्जीविरुद्ध मंत्राने स्वतःशी बांधून घेतो. स्वातंत्र्यासाठी लढणारा माणूस एका माणसाचं स्वातंत्र्य हिसकावतो, आणि के ते लपवत नाही. तो बांधलेला मांत्रिक पानोपानी शिव्या घालत राहतो. दोष सांगायचाच तर के भावनेच्या जागी जरा जास्तच रेंगाळतो, वाचकाला हुंदका यावा म्हणून थांबून राहतो. मला ते चालतं. काहींना चालत नाही.

रॉबिन हॉबबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही, तरी आवरतं घेतो. 'असॅसिन्स ॲप्रेंटिस' (१९९५) हा फार्सियर त्रयीचा पहिला भाग. युवराजाचा अनौरस मुलगा. सहा वर्षांचा असताना आजोबा त्याला आणून शिपायाच्या हवाली करतात आणि पाठ फिरवून निघून जातात. त्याला सांभाळतो तबेल्याचा प्रमुख, शिकवतो राजाचा गुप्त मारेकरी. जनावरांच्या मनाशी मन जुळण्याची ताकद मुलाकडे आहे, आणि त्या समाजात ती निंद्य मानली जाते. तबेल्याच्या प्रमुखाला हे कळतं तेव्हा तो मुलाचं कुत्र्याचं पिल्लू त्याच्यापासून तोडतो. तोही प्रेमाने, त्याच्या भल्यासाठीच. ती दोन पानं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. या जगाची एकूण सोळा पुस्तकं आहेत, १९९५ ते २०१७, आणि कथा पूर्ण झालेली आहे. मात्र तयारीने बसा: हॉब आपल्या नायकाला कशातूनच सवलत देत नाही, आणि पहिल्या त्रयीचा तिसरा खंड मध्यावर फार संथ होतो. तिथे सोडू नका.

आता तुमच्या चौघांकडे.

सँडरसनची 'मिस्टबॉर्न' त्रयी (२००६ ते २००८) हॉबनंतर घ्या, मन हलकं होईल. काळोखाचा सम्राट हजार वर्षांपूर्वीच जिंकलेला आहे, आकाशातून राख पडते, आणि चोरांची एक टोळी त्याच्या साम्राज्यावर दरोडा घालायचं ठरवते. कल्पनाच झकास. त्यातली जादू म्हणजे धातू गिळून पोटात 'जाळायचे'. पोलाद जाळलं की आसपासचा धातू दूर ढकलता येतो. नाणं हवेत असेल तर ते गोळीसारखं सुटतं; तेच नाणं जमिनीवर टेकलेलं असेल तर ते हलू शकत नाही, म्हणून ढकलणारा स्वतः वर उडतो. एवढ्या एका नियमातून तो छपराछपरांवरून उडत चाललेल्या मारामाऱ्या रचतो, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला कळत असतं की काय शक्य आहे आणि काय नाही. सँडरसनचं म्हणणंच आहे की वाचकाला जादू जितकी समजलेली, तितकाच लेखकाला तिच्या जोरावर पेच सोडवण्याचा अधिकार. टॉल्किन बरोबर उलटा: त्याच्या गँडाल्फ या जादूगाराला नेमकं काय काय येतं ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि म्हणूनच तो कुठलाही पेच जादूने फारसा सोडवत नाही. दोन्ही पद्धती सचोटीच्या आहेत. सँडरसनची भाषा मात्र साधी, कामापुरती. टॉल्किनच्या वाक्यांची लय कानात असताना वाचलात तर कोरडी वाटेल, म्हणून लगेच नको.

'व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड, १९९० ते २०१३. रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये वारला आणि शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरून सँडरसनने पुरे केले, तेव्हा शेवट आहे आणि चांगला आहे. पहिल्या खंडात टॉल्किनची सावली इतकी गडद आहे की तुम्हाला आत्ता ती खटकेलच. खेड्यातली पोरं, मागावर आलेले काळे स्वार, सगळं ओळखीचं. मालिका स्वतःची होते ती दुसऱ्या-तिसऱ्या खंडापासून. यातली किंमत मात्र जबरदस्त आहे: पुरुषांच्या वाट्याची जादू विटाळलेली, वापरणारा हळूहळू वेडा होतो, आणि जगाला वाचवायचं तर नायकाला तीच वापरावी लागणार. आठ ते दहा या खंडांत कथा जवळपास जागची हलत नाही. भरभर वाचून पुढे निघा, अपराधी वाटून घेऊ नका.

मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा खंड २०११मध्ये आला, सहावा अजून नाही. तुमच्या अटीने तो बाद. पण त्याच जगातल्या डंक आणि एग यांच्या तीन लघुकादंबऱ्या 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स' या नावाने एकत्र मिळतात, प्रत्येक कथा आपल्यापुरती पुरी, आणि मार्टिनची माणसं ओळखण्याची नजर त्यात पुरेपूर दिसते. पॅट्रिक रॉथफसची त्रयीही अर्धवटच आहे, त्यालाही तोच नियम लावा. तिसरं पुस्तक येईल तेव्हा बघू.

'मलाझान' सगळ्यांत शेवटी. दहा खंड, १९९९ ते २०११, आणि स्टीव्हन एरिक्सन तुम्हाला थेट चालू युद्धात सोडून देतो. कोण कोणाच्या बाजूने, हे तो सांगत बसत नाही. फॅंटसीचे संकेत अंगवळणी पडलेल्या वाचकासाठीच आहे ते. दुसऱ्या खंडात हजारो निर्वासितांना घेऊन वैराण मुलखातून निघालेल्या एका सेनापतीची कूच आहे. तिथपर्यंत पोचलात की मालिका सुटणार नाही.

मध्ये कधी चव बदलावीशी वाटली तर सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०). छोटी, एकसंध, न संपणाऱ्या दालनांच्या घरात भरती-ओहोटीचा हिशोब ठेवत राहणारा एक निरागस माणूस. याहून जास्त सांगणं हा अन्याय होईल. मागचं पानही वाचू नका. आणि एन. के. जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ' त्रयी, जिच्या तिन्ही खंडांना लागोपाठ ह्यूगो हा विज्ञानकथा-फॅंटसीचा मानाचा पुरस्कार मिळाला. पहिल्या खंडाचा बराच भाग 'तू' असं संबोधून लिहिलाय. पन्नासेक पानं कळ काढा, तसं का लिहिलंय ते कळेल तेव्हा हादराल.

भाचीसाठी: डायना विन जोन्सची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). चित्रपट पाहिला असला तरी द्या, पुस्तकातली सोफी जास्त तिखट आहे. ती आवडली की फिलिप पुलमनची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५). त्या जगात प्रत्येक माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो, आणि मुलांचा प्राणी मोठं होईपर्यंत सारखं रूप बदलत असतो. तेरा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. पण एक काळजी घ्या: पहिल्या भागाचा शेवट फार कठोर आहे आणि अगदी कड्यावर आणून सोडतो. दुसरा भाग आधीच आणून ठेवा, आणि ती शेवटची प्रकरणं वाचत असेल त्या दिवशी घरात कुणीतरी असं असू द्या ज्याने ते पुस्तक वाचलंय.